आबांचा जोराजोरीचा डाव

मला बुद्धिबळ येतं, असं लग्नाआधी मी समजत होते. थोरला भाऊ धुळ्याच्या हायस्कुलात शिकायला होता. सुट्टीत नंदुरबारला आला की पुठ्ठ्याचा पट आणि मोहरी घेऊन यायचा, आणि खेळायला कुणी मिळालं नाही की मला समोर बसवायचा. पहिल्या वर्षी मी हरले. दुसऱ्या वर्षी तो हरायला लागला. तिसऱ्या वर्षी त्याने पट आणणंच बंद केलं. हरणं त्यालाही पचायचं नाही आणि मलाही. एकाच आईची लेकरं आम्ही.

सासर शहाद्याकडे, तापीपासून कोसभर आत. काळी जमीन, कापूस, दादर ज्वारी, दोन बैलजोड्या. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधी मी त्या घरात आले. आमचे हे नंदुरबारला कापसाच्या एका जिनात कारकून होते, ते पंधरा दिवसांनी नावेने नदी ओलांडून घरी यायचे. एरवी घरात आम्ही तिघंच: सासरे, सासूबाई आणि मी. सासऱ्यांना सगळे आबा म्हणत, सासूबाईंना जिजी.

आमच्या समाजात सुनेने सासऱ्यासमोर तोंड उघडं ठेवायचं नाही आणि आवाज काढायचा नाही, ही रीत होती. पदर हनुवटीपर्यंत ओढायचा. पाणी द्यायचं तर तांब्या जमिनीवर ठेवून बाजूला व्हायचं. काही विचारायचं झालं तर जिजींच्या कानात सांगायचं, आणि त्या मोठ्याने बोलणार. आबाही माझ्याशी थेट बोलत नसत. मी दोन हातांच्या अंतरावर उभी असले तरी जिजींना म्हणायचे, तिला सांग, बैलांना पेंड टाकायची राहिली. मग जिजी मला सांगायच्या, बैलांना पेंड टाकायची राहिली. माहेरी माझी आई म्हणायची, कार्टीच्या तोंडात जीभ आहे की कात्री. सासरी ती कात्री गंजायला लागली. मला त्याचा राग यायचा, आणि तो राग मी भाकरी थापताना काढायची. माझ्या भाकरी पातळ होतात म्हणून गल्लीत माझं कौतुक व्हायचं.

आबांना एकच नाद होता. दुपारचं जेवण झालं की गल्लीतले एक शिंपी यायचे आणि दोघं ओसरीवर बुद्धिबळ मांडायचे. तीस वर्षं त्यांनी एकमेकांशिवाय कुणाशी डाव मांडला नव्हता. पट त्या शिंप्यानेच शिवलेला, मांजरपाटाच्या कापडावर लाल दोऱ्याची घरं. मोहरी सागाची, तळोद्याच्या एका सुताराने कातून दिलेली. एक बाजू तांबडी, एक काळी. मी आतून भांडी घासता घासता ऐकायची. शह, मात हे शब्द कळायचे. पण मधूनच दोघांपैकी एक जण ठणकावून 'जोर' म्हणायचा आणि दुसरा पुढे केलेला हात मुकाट्याने मागे घ्यायचा. भावाच्या बुद्धिबळात असलं काही नव्हतं.

माझ्या दुसऱ्या होळीनंतर ते शिंपी वारले. आबांनी पंधरा दिवस एकट्यानेच पट मांडला आणि दोन्ही बाजूंनी खेळले. मग पटाची घडी करून कोनाड्यात ठेवली. त्यानंतर त्यांचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. ओसरीवर येणं बंद झालं. माणूस दिवसभर आतल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून. वैद्याने नाडी बघितली आणि काही नाही म्हणून सांगितलं. जिजींना मात्र कळलं होतं काय आहे ते. एके दिवशी डाळ निवडता निवडता त्या बोलल्या, यांचा जीव त्या पटात होता. आणि माझं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. मी बोलून गेले की मला येतं बुद्धिबळ. जिजींनी सूप खाली ठेवलं.

"तुले येस का तो खेळ? खरं सांग."

मी म्हटलं येतो. सुनेने सासऱ्यासमोर बसून खेळायचं, हे त्यांच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. पण नवरा अर्ध्या भाकरीवर आला होता. त्यांनी मधला मार्ग काढला. आतल्या खोलीच्या दारात एक पाट ठेवला आणि त्यावर पट पसरला. उंबऱ्याच्या पलीकडे आबा, अलीकडे मी दाराआड पदर ओढून, फक्त हात बाहेर. दोघांच्या मध्ये जिजी, डाळीचं सूप मांडीवर घेऊन. आबांना त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, पण ते उठून आले.

मी राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. भाऊ तसंच टाकायचा. आबा खाकरले आणि जिजींना म्हणाले, "तिले सांग, प्यादं एकच घर चालस." जिजींनी मला सांगितलं. मी प्यादं एक घर मागे घेतलं. थोड्या वेळाने मी राजा हत्तीआड नेऊन किल्लेकोट करायला गेले, तर पुन्हा खाकरणं. तसलं काही नसतं. राजाला जोवर एकदाही शह बसलेला नाही, तोवर त्याला जन्मात एकदा घोड्यासारखी उडी मारता येते, तेवढीच त्याची चैन. मी मनात म्हटलं, हे काय बुद्धिबळ आहे?

पण हे काहीच नव्हतं. खरी गंमत पुढे होती. माझ्या वजिराने त्यांचं एक प्यादं मारायला मी हात घातला, आणि आबा म्हणाले, "जोर." माझा हात तसाच राहिला. प्याद्याच्या मागे त्यांचा उंट होता, हे मला दिसत होतं. मला वाटलं, असेल, मी वजीर देऊन प्यादं घ्यायचा वेडेपणा केला तर तुमचंच भलं. पण तसं नव्हतं. ज्या मोहऱ्याच्या पाठीशी आपलं दुसरं मोहरं उभं आहे त्याला जोर आहे, आणि ज्याला जोर आहे त्याला मारताच येत नाही. मरतं ते फक्त एकटं पडलेलं. म्हणून त्या खेळाचं नाव जोराजोरी. मात्र त्यात एक मेख होती. समोरच्याचा हात मोहऱ्याला लागला की ज्याचं मोहरं त्याने तोंडाने 'जोर' म्हणायचं. म्हटलं तर मोहरं वाचलं. विसरला, लक्ष गेलं नाही, गप्प बसला, तर गेलं. मागून कितीही सांगा, उपयोग नाही.

आता ज्या सुनेने तोंडातून आवाज काढायचा नाही तिने 'जोर' कसं म्हणावं? पहिल्या दिवशी माझी अकरा मोहरी अशीच गेली. सगळ्यांच्या पाठीशी जोर होता आणि मी पदराआड दात-ओठ खात बसले होते. जिजींच्या कानात सांगेपर्यंत आबांनी मोहरं उचलून बाजूला ठेवलेलं असायचं. शेवटी माझा राजा आणि एक प्यादं उरलं, आणि आबा त्या प्याद्याला काही केल्या हात लावेनात. मला वाटलं म्हातारा दया करतोय. ते दया करत नव्हते. समोरच्याचा राजा अगदी एकटा उरला तर त्याला बुर्जी म्हणतात आणि डाव बरोबरीत सुटतो. शत्रूचं सगळं मारून टाकलं तर जिंकणं नाही; त्याच्याकडे काहीतरी शिल्लक ठेवून मात करावी लागते. त्यांनी तशी केली. मी त्या दिवशी जेवले नाही. आबांनी दीड भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी आबांनीच तोड काढली. जिजींना म्हणाले, तिला सांग, बोटाने पाटावर दोनदा टकटक केली तर ती जोर म्हणून धरू. मग माझं चांगलं चाललं. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ते ज्या मोहऱ्याचं घर असेल तेच होतं, तेही ते मोहरं आधी मेलेलं असेल तरच. नाहीतर एक घर अलीकडे ताटकळत उभं राहायचं, हे मी माझं प्यादं ताटकळवून शिकले. सगळ्यांत मानाची मात प्याद्याची, हेही कळलं. वजिराने मात केली तर आबा नुसते हुंकार देत. प्याद्याने केली की जिजींना गूळ आणायला सांगत. पावसाळा संपता संपता मी त्यांना पहिल्यांदा हरवलं, तेव्हा त्यांनी घरातला सगळा गूळ बाहेर काढायला लावला. पदराच्या विणीतून मला ते हसताना दिसले. माझ्या वडलांनाही माझ्या हुशारीचं एवढं कौतुक नव्हतं.

ती दोन वर्षं मला फार आठवतात. दुपारी गावात सामसूम, गोठ्यात बैलांच्या घंटा, जिजींच्या सुपाचा आवाज, आणि आमची टकटक. एका घरात राहून आम्ही दोघं एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो, तरी त्यांची चाल कधी रागातली आणि कधी कंटाळ्यातली हे मला हात बघून कळायचं. माझीही त्यांना कळत असावी.

मग आबांची दृष्टी गेली. आधी ते तांबडं मोहरं काळं समजू लागले, मग हात पटावर चाचपडू लागला. वर्षाच्या आत सगळा अंधार. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, आता इलाज नाही. मी पटाच्या रेघांवर गोधडीचा जाड दोरा घातला, म्हणजे घरं बोटांना लागतील, आणि माझ्या मोहऱ्यांच्या मानेला सूत बांधलं. टकटक तर होतीच. चाल मात्र सांगावी लागायची. मी जिजींच्या कानात सांगायची, त्या मोठ्याने सांगायच्या. आता जिजींनी दोन वर्षं तो खेळ शेजारी बसून पाहिला होता खरा, पण त्यांचं लक्ष डाळीत. त्या उंटाला घोडा म्हणायच्या, घोड्याला हत्ती, आणि वजीर व हत्ती यांत त्यांना जन्मभर फरक वाटला नाही. आबा वैतागायचे, पुन्हा पुन्हा विचारायचे, पण पट सगळा डोक्यात धरून खेळायचे. तरी हरायला लागले. एकामागून एक पाच-सहा डाव हरले. पुन्हा जेवण कमी झालं, आणि मला तो भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस आठवला.

तेव्हा मी जी चूक केली ती मला आजही बोचते. त्या दिवशी माझ्या प्याद्याने त्यांच्या राजाला शह दिला होता. राजाला सरकायला घर नव्हतं. त्यांच्याकडे एकच उपाय होता, हत्तीने ते प्यादं मारायचं. पण प्याद्यामागे माझा उंट होता, म्हणजे जोर होता, म्हणजे तो उपायही नव्हता. प्यादेमातच होती ती. जिजींनी मघाशी त्या उंटाला घोडा म्हटलं होतं, त्यामुळे आबांच्या हिशेबात तिथे जोर नव्हता. त्यांनी हात प्याद्याला लावला आणि थांबले. मी दोनदा टकटक करायची, एवढंच बाकी होतं.

मी केली नाही. मला त्यांची दया आली. खरं सांगायचं तर त्या दयेत थोडी ऐटही होती, की बघा, मी जिंकलेला डाव सोडून देऊ शकते. आबांनी प्यादं उचललं, आणि पुढच्या पाच चालींत माझ्यावर मात केली. जिजींनी आनंदाने गुळाचा डबा आणला. आबा पटावरची मोहरी गोळा करायला लागले, आणि त्यांची बोटं त्या उंटावर थांबली. उंटाचं डोकं त्यांनी दोनदा चाचपलं. तो इथे केव्हापासून उभा आहे, असं त्यांनी जिजींना विचारलं. जिजींनी अगदी भोळेपणाने सांगितलं की तो तर केव्हाचा तिथेच आहे. आबांचा चेहरा उतरत गेला, तो मी पदरातून बघत होते.

"हाऊ डाव मी जिंकनू नही," ते म्हणाले. "तिनी माले जिंकाडं. आंधळा व्हयनू, पन भिकारी नही व्हयनू."

गुळाला हात न लावता ते उठले आणि भिंत धरत आत गेले.

त्यानंतर बारा दिवस पट उघडला नाही. मी जिजींमार्फत माफी मागितली, पुन्हा असं करणार नाही म्हणून सांगितलं. आबांचं उत्तर जिजींनी स्वयंपाकघरात आणून दिलं. टकटक केली नाही, तर ती विसरली की तिने सोडून दिलं, हे आंधळ्याने कसं ओळखायचं? खेळाचा नेम तोंडाने सांगायचा आहे. यापुढे खेळायचं तर चाल तिने तोंडाने सांगावी, जोर तोंडाने म्हणावा. माणसाच्या आवाजात कपट असलं तर ते ऐकू येतं. नाहीतर पट नदीत सोडून द्या.

जिजी हे सांगून चुलीपुढे बसून राहिल्या. सून सासऱ्याशी बोलली हे गल्लीत कळलं तर पाणवठ्यावर महिनाभर दुसरा विषय नाही, हे आम्हा दोघींना माहीत होतं. आणि बोलले नाही तर हा माणूस पुन्हा अर्ध्या भाकरीवर जाणार, तोही माझ्या पायी, हेही माहीत होतं. आपल्याच पायावर मी धोंडा पाडून घेतला होता. जिजींकडून मला काही आशा नव्हती. चाळीस वर्षं ज्यांनी रीत पाळली त्या आता काय मोडणार?

मग जिजी बोलल्या, तेव्हा त्यांची नजर चुलीवरच होती. "मन्हा सासरा मरी गया. तो मरे तवलोंग त्याले मन्हा आवाज मालूम नव्हता. मी त्यानी सेवा करी, पाय दाबात, शेवटलं पानी बी मीच पाजं."

एवढं म्हणून त्या उठल्या, भर दुपारी त्यांनी बाहेरचं दार लावून कडी घातली, कोनाड्यातला पट काढला आणि पाटावर पसरला. आबांना हाताला धरून आणून बसवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बोल."

चार वर्षं मी ज्या माणसासमोर खोकलेही नव्हते, त्याच्यापुढे आवाज निघेना. मी राजापुढचं प्यादं हातात घेतलं, पुढे ठेवलं, आणि म्हटलं, "राजापुढचं प्यादं."

आवाज फाटका निघाला. आबांचा हात पटावर होता तो तसाच राहिला. बाहेर बैलाने मान हलवली, तेवढी घंटा वाजली. मग ते जिजींना नाही, मला म्हणाले, "कितला घर?"

मला हसू आलं, आणि डोळ्यांतून पाणीही आलं. "एकच, आबा," मी म्हटलं.

तो डाव मी दयामाया न दाखवता खेळले. प्रत्येक चाल मी तोंडाने सांगितली, आणि जिजी पहिल्यांदाच निवांत डाळ निवडत बसल्या. आबाही तापले. माझा एक हत्ती आणि दोन्ही उंट त्यांनी घेतले, त्यांतला हत्ती तर बोलण्याच्या नादात मी खरंच जोर म्हणायला विसरले म्हणून गेला. पण शेवटी माझं प्यादं घोड्याच्या पाठबळावर त्यांच्या राजाला भिडलं. त्यांचा हत्ती प्याद्याकडे आला, बोटं प्याद्याच्या डोक्याला लागली, आणि ते थांबले. ते वाट बघत होते. मी म्हणते की नाही, हे त्यांना ऐकायचं होतं.

"जोर," मी म्हटलं.

त्यांनी हात मागे घेतला. राजाची चारी बाजूंची घरं एकेक करून बोटाने तपासली. मग राजा आडवा ठेवला आणि जिजींना गूळ आणायला सांगितलं. गूळ आला. त्यातला मोठा खडा त्यांनी पटाच्या माझ्या बाजूला सरकवला. मग सावकाश म्हणाले, "डोळा व्हतात तवय तुले देखं नही, माय. आते तू बोली ऱ्हायनी, ते डोळा नहीत."

जिजींनी नाक शिंकरलं. मग त्या माझ्यावर खेकसल्या, की आता कुणापासून झाकतेस, आणि त्यांनी माझा पदर धरून मागे ओढला. मी आबांसमोर पहिल्यांदा उघड्या तोंडाने बसले. ते माझ्या आवाजाच्या दिशेने बघत होते, पण नजर जरा बाजूला, दाराच्या चौकटीवर लागली होती. मी सरकून तिथे बसले.